'मे' आणि 'शॅल' : नेमणूकपत्र कसे वाचावे?

पेडण्याची माझी एक मैत्रीण मागच्या महिन्यात वर्गात एक खाकी पाकीट घेऊन आली. पाकिटात तिच्या दादाचे नेमणूकपत्र होते, सहा पाने, सगळे इंग्रजीत. दादा एका मोठ्या कंपनीत चार वर्षे काम करतो. हे त्याचे पाचवे पत्र. मैत्रीण म्हणाली, "तुजें इंग्लिश बरें, तूंच वाच."

मी कँटीनमध्ये बसून दहा मिनिटांत वाचले आणि मराठीत सांगितले, "अकरा महिन्यांची मुदत आहे. काम चांगले केले तर कायम करतील असे लिहिलेय." ती खूश झाली. तिने लगेच घरी फोन केला.

रात्री ते वाक्य पुन्हा आठवले तेव्हा कळले की मी चूक केली आहे. पत्रात 'शॅल बी कन्फर्म्ड' असे नव्हते. 'मे बी कन्सिडर्ड' असे होते. म्हणजे कायम 'करतील' नव्हे. कायम करण्याचा 'विचार केला जाऊ शकतो'. नुसत्या विचाराचा, आणि तोही कंपनीच्या मर्जीवर. दोन शब्दांचे भाषांतर मी घाईत केले आणि एका घराला खोटी आशा दिली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. शनिवारी त्यांच्या घरी गेले. दादाने कपाटातून जुनी चारही पत्रे काढली. चारही पत्रांत तेच वाक्य होते, स्वल्पविरामासकट. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे चार वर्षे मला जे सांगत होते ते फक्त तोंडीच होते?"

या लेखाचे निमित्त एवढेच. आपण मंडळात कवितेतला एकेक शब्द तपासतो. परीक्षेनंतर आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात जो पहिला महत्त्वाचा मजकूर पडणार आहे तो मात्र न वाचता सही करून परत देतो. म्हणून या वेळचा अभ्यास नेमणूकपत्राचा.

१. 'कायम' म्हणजे नक्की काय?

'कायम' हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ 'उभा असलेला'. उभा राहायचे तर पायाखाली काहीतरी लागते. नोकरीत पायाखाली काय असते, हे डिचोलीइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

मी डिचोलीत वाढले. आमच्या शेजारचे काका एका खाण कंपनीत मशीन ऑपरेटर होते. कायम नोकरी, पीएफ, दिवाळीला बोनस. लग्नासाठी मुलगा बघताना 'मायनिंगमध्ये पर्मनंट' एवढे सांगितले की पुढे कोणी जास्त विचारत नसे. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. ट्रकांच्या रांगांमुळे आम्हाला शाळेत पोचायला उशीर व्हायचा, आणि त्या रांगा कधी थांबतील असे कोणालाच वाटत नव्हते.

सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घालून बंदी उठवली, पण त्याच निकालात जुने खाणपट्टे २००७ सालीच संपले होते असे स्पष्ट केले. सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये लिलावांना सुरुवात झाली. पहिल्या लिलावात डिचोलीचा ब्लॉक वेदांताला मिळाला.

पर्यावरणाच्या बाजूने हा निकाल का आवश्यक होता, यावर वेगळा लेख लिहावा लागेल. शिरगाव-मयेतल्या विहिरी आणि शेते ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते सांगायला नको. आपला मुद्दा वेगळा आहे. काका कायम होते, पण त्यांचा कायमपणा कंपनीच्या पट्ट्यावर उभा होता आणि पट्ट्याची मुदत कागदावर आधीच संपलेली होती. हे काकांना कोणी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही, कारण कंपनी मोठी होती. एवढी मोठी कंपनी बुडते कशाला, असे सगळे म्हणत. कंपनी बुडालीही नाही. काका मात्र घरी बसले.

काकांना एक गोष्ट नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागली आहे. १९ वर्षांत ते ऑपरेटरचे फोरमन झाले नाहीत. दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' असे ऐकायचे. बाहेरून आलेली मुले वर्षभरात वरच्या जागी बसायची. त्यांना मशीन शिकवायचे काम काकांचे. ते एकदा मला म्हणाले, "बाय, नोकरी गेली ते कोर्टामुळे गेली, त्याला इलाज नाही. पण ती १९ वर्षे कोणी नेली?"

२. पेडण्याची नवी नोकरी

डिचोलीत पाया खचला तेव्हा पेडण्यात नवा घातला जात होता. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. तुयेची औद्योगिक वसाहत जवळच आहे. तालुक्यातल्या मुलांना घरापासून अर्ध्या तासावर काम मिळू लागले, ही लहान गोष्ट नाही.

पण कोणत्याही विमानतळावर किंवा मोठ्या कारखान्यात एकाच छपराखाली अनेक मालक असतात. सामान उचलणारा एका कंपनीचा, सफाई करणारा दुसऱ्या ठेकेदाराचा, काउंटरवरची मुलगी तिसऱ्याच एजन्सीची. गावात सगळेच 'एअरपोर्टवर लागलाय' असे सांगतात, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र वेगळेच नाव असते. म्हणून पत्र हातात आले की पहिली ओळ वाचण्याआधी वरचे नाव वाचा. गेटवरच्या पाटीवरचे नाव आणि पत्रावरचे नाव एकच आहे का? नसेल तर तुमची बढती, बदली आणि सुट्टी पाटीवरच्या कंपनीच्या हातात नाही.

३. पत्रातले शब्द

आता शब्दांकडे येऊ. मराठीत आपण या सगळ्याला 'नोकरी' म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने हे वेगवेगळे प्रकार आहेत.

ट्रेनी किंवा अप्रेंटिस : शिकाऊ. शिकण्याचा काळ किती आणि त्यानंतर काय, हे पत्रात लिहिलेले हवे. तिसऱ्या वर्षीही 'ट्रेनी' असाल तर कोण कोणाला शिकवतेय ते विचारा.

प्रोबेशन : परीक्षेचा काळ. तो संपला म्हणजे तुम्ही आपोआप कायम झालात असे धरू नका. अनेक पत्रांत 'लेखी कळवेपर्यंत प्रोबेशन चालू राहील' असे वाक्य असते.

फिक्स्ड टर्म : ठरावीक मुदत. मुदत संपली की नोकरी संपते, आणि कायदा त्याला 'कामावरून कमी करणे' मानत नाही. त्यामुळे त्यासाठीची भरपाईही नाही. दादाच्या पत्राचा कणा हाच होता.

बदली : हा आपल्या मराठीतला जुना शब्द. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली कामगार' म्हणजे ट्रान्स्फर झालेला नव्हे. दुसऱ्याच्या गैरहजेरीत त्याच्या जागी उभा राहणारा. सकाळी गेटवर थांबायचे, आत जागा असली तर काम, नसली तर घरी. हा शब्द आता कमी ऐकू येतो, ती अवस्था मात्र गेलेली नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. '२४० दिवस भरले की पर्मनंट' असे आपल्याकडे सर्रास सांगतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातले २४० दिवस वर्षभराची सलग सेवा मोजण्यासाठी होते. तेवढी सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागे. म्हणजे ते दिवस भरपाई मिळवून देत, कायम करत नसत. महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत कायम करण्याच्या अर्थाचे एक कलम होते, पण ते सगळीकडे आणि सगळ्यांना लागू नव्हते. त्याच जुन्या कायद्याने दुसरीही एक गोष्ट सांगितली होती : कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. 'या हेतूने' हे दोन शब्द नीट वाचा. हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध करायला कागद लागतात. जुनी पत्रे फेकू नका, हे त्यासाठीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या काही तरतुदी आपल्या बाजूच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ठरावीक मुदतीच्या कामगाराला तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतका पगार आणि सवलती मिळायला हव्यात, आणि त्याला पाच नव्हे तर एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू होते. एक तरतूद उलट्या बाजूची आहे. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला माणसे कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागे; आता ती मर्यादा ३०० झाली आहे.

४. बढतीचा पेच

काकांच्या १९ वर्षांचे उत्तर कायद्यात शोधायला गेले तर फारसे हाती लागत नाही. खासगी कंपनीत बढती हा सहसा व्यवस्थापनाचा अधिकार मानला जातो. कराराने किंवा नियमाने बांधून घेतले असेल तरच मागता येते.

त्यात आणखी एक पेच आहे. कामगार कायद्याचे संरक्षण 'कामगारा'ला असते, व्यवस्थापकाला नसते. नव्या संहितेप्रमाणे देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येतून बाहेर पडतो. म्हणजे ज्या सुपरवायझरपदाची वाट बघत वर्षे गेली, ते मिळाले की वर चढतो खरे, पण खालची शिडी काढून घेतलेली असते. न्यायालये नुसते पदनाम बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय ते बघतात. पण त्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागते. म्हणून बढतीचे पत्रही नेमणूकपत्राइतकेच सावकाश वाचायचे. पगार किती वाढला, काम काय बदलले, आणि आधीची सेवा धरली की नव्याने मोजायला सुरुवात केली?

५. साहित्यात हे कुठे दिसते?

मंडळाच्या वाचकांना दोन कृती सुचवते. पहिली, पुंडलीक नायक यांची कोंकणी कादंबरी 'अच्छेव' (१९७७). खाण गावात आल्यावर गावाचे काय होते, ते त्यात आहे. आपण खाण बंद झाल्यावरचे दुःख पाहिले; कादंबरी सुरू होण्याचे दुःख दाखवते. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय डिचोली समजत नाही.

दुसरी, जयंत पवार यांचे नाटक 'अधांतर'. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. नाटक गेटवर घडत नाही; संपानंतरच्या एका गिरणी कामगाराच्या घरात, चाळीतल्या खोलीत घडते. नोकरी एकाची जाते आणि ती घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यातून कशी बाहेर पडते, हे संवादांत बघण्यासारखे आहे. २०१८ नंतर आमच्या शेजारच्या घरातही आवाज असाच बदलला होता. ते मी नाटक वाचल्यावर ओळखले.

६. वाचनाची पद्धत

पत्र हातात आल्यावर हे सहा प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे पत्रातच शोधा :

अ) मालक कोण? पत्रावर कोणाचे नाव आहे?
आ) मुदत आहे का? असल्यास ती कोणत्या तारखेला संपते?
इ) 'मे' कुठे आहे आणि 'शॅल' कुठे? तुमच्या कर्तव्यांपुढे कोणता शब्द आहे आणि कंपनीच्या आश्वासनांपुढे कोणता?
ई) आधीची सेवा जोडली आहे का?
उ) नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का?
ऊ) जे तोंडी सांगितले त्यातले काय पत्रात आहे आणि काय नाही?

'इ' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दादाच्या पत्रात मी मोजले. त्याच्यासाठी 'शॅल' २३ वेळा होते, कंपनीसाठी दोनदा. 'मे' जवळजवळ सगळे कंपनीच्या वाट्याला. मराठीत सांगायचे तर त्याने 'केलेच पाहिजे', त्यांना 'करता येईल'. पत्राचा सगळा अर्थ या दोन क्रियापदांत होता, आणि तो मला कँटीनमध्ये दिसला नव्हता.

त्या शनिवारी दादाने मराठीत एक अर्ज लिहिला. मी त्याचे इंग्रजी केले. त्यात दोनच प्रश्न होते : मागची चार वर्षे सेवेत धरणार का, आणि कायम करण्याचा विचार कोणत्या तारखेला होणार? या वेळी प्रत्येक शब्दाला मी दोनदा थांबले. अर्जाची पोच म्हणून त्याने सही-शिक्का घेतला. उत्तर अजून आलेले नाही. नवे पत्र त्याने सही करून दिले, कारण घराच्या कर्जाचा हप्ता ५ तारखेला असतो. पण सही करण्याआधी तो मला म्हणाला, "या वेळी निदान कशावर सही करतोय ते मला माहीत आहे."

स्वाध्याय : घरातल्या कोणाचेही जुने नेमणूकपत्र मिळवा. आई, बाबा, मामा, अंकल, कोणाचेही चालेल. नाव झाकून त्यातला एक परिच्छेद मराठीत आणा. पुढच्या बैठकीत आपण ते भाषांतर एकत्र तपासू. घाईत करू नका.