पुलाचा कठडा व प्रवाशांची सुरक्षितता

दि. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरकडे निघालेली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची बस खलघाट येथे पुलाचा कठडा तोडून नर्मदेच्या पात्रात कोसळली व अनेक प्रवासी प्राणांस मुकले. या दुर्घटनेच्या अनुषंगाने कठड्याचे कार्य समजून घेणे उचित ठरेल.

पादचाऱ्यांच्या आधारासाठी उभारलेला साधा कठडा भरधाव वाहनाचा आघात सोसू शकत नाही. त्यासाठी सलग व सळईयुक्त काँक्रीटचा कठडा लागतो. त्याचा उतरता पायथा वाहनास पुन्हा रस्त्याकडे वळवितो, तर सळया आघाताचा भार पुलाच्या स्लॅबकडे नेतात. म्हणूनच जुन्या पुलाची सुधारणा करताना स्लॅबची क्षमता प्रथम तपासावी लागते. डांबराचे थर वाढत गेल्यास कठड्याची उंची घटते, हेही दुरुस्तीच्या वेळी ध्यानी ठेवावयास हवे.