गाडी नसलेल्याचे पार्किंग

सबमिशनच्या आदल्या रात्री १२ लहान फ्लॅट्सच्या इमारतीचा प्लॅन पूर्ण करून मी झोपायच्या बेतात होतो. तेवढ्यात रूम-पार्टनर म्हणाला, "अरे, पार्किंग कुठाय?" झालं! शीट परत बोर्डावर.

मित्रांनो, नवीन इमारतीला परवानगी देताना महापालिका पार्किंगचा तक्ता लावते. घरांना कार्पेट एरियावरून, ऑफिसला क्षेत्रफळावरून, हॉस्पिटलला खाटांवरून. इतक्या कार, इतक्या स्कूटर, किमान. मुंबईची नियमावली वेगळी आहे. बाकी बहुतेक महाराष्ट्रात २०२० पासून एकत्रिकृत नियमावली (यूडीसीपीआर) चालते. कारची एक जागा अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आमची तिघांची रूम याहून लहान आहे! त्यात गाडी वळवायचा रस्ता आणि रॅम्प धरला, की आकडा दुपटीच्या आसपास जातो.

पार्किंग एफएसआयमध्ये मोजत नाहीत, म्हणून ते फुकट पडते असे मला वाटायचे. पण खोदाई, स्लॅब, वॉटरप्रूफिंग, पंप फुकट कोण देतो? तीन वर्षांपूर्वी बाबांनी फ्लॅट घेतला. आमच्याकडे फक्त स्कूटर. बाबांनी विचारले, कारची जागा नको, तेवढे पैसे कमी होतील का? उत्तर मिळाले, "ते रेटमध्येच धरलंय, काका." कर्जाचा हप्ता अजून चालू आहे.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' या जाडजूड पुस्तकात हेच मांडले: किमान पार्किंगच्या सक्तीचा खर्च गाडी नसलेल्यांवरही पडतो. लंडनने २००४ मध्ये नियम उलटा केला. किमान काढून टाकले, कमाल ठरवले. पुढे झालेल्या अभ्यासात दिसले की नव्या घरामागे पार्किंग १.१ वरून ०.६ च्या आसपास उतरले. म्हणजे आधीचे बरेचसे पार्किंग केवळ नियमापोटी बांधले जात होते.

हे सरांना सांगितले तर ते म्हणाले, "मग गाड्या काय रस्त्यावर लावायच्या?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तसेच होईल. मला याचे उत्तर जपानमध्ये सापडले. तिथे १९६२ च्या कायद्याने जबाबदारी गाडीवाल्यावर टाकली. गाडी घेताना तिच्यासाठी जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो, आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी. (के-कार या छोट्या गाड्यांना काही ठिकाणी सवलत आहे.) शिवाय रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायला मनाई. जागा भाड्याने घ्या, विकत घ्या, पण ज्याची गाडी त्याने. सरांनी "हं" केले आणि तक्ता मोजायला घेतला.

माझ्या प्लॅनमधले दोन फ्लॅट उडाले, तेव्हा कुठे तक्ता जुळला. शीट पास झाली. घरी गेलो तर बाबांच्या जागेत शेजारच्या काकांची दुसरी कार उभी होती. आपली स्कूटर जिन्याखाली.