तोच माड, तासभर

तारकर्लीला जाऊन कयाक चालवायची, हे मी पुण्यात बसून ठरवलं. चक्क एक्सेलमध्ये तक्ता केला. निघायची वेळ, संगम बघायची वेळ, सुरमईच्या ताटाची वेळ. तिथीचा रकाना काही मला सुचला नाही.

१. नदी उलटीही वाहते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. मुठेकाठी वाढलेल्या माणसाला नदी एकाच दिशेने जाते (जेव्हा जाते तेव्हा) एवढंच ठाऊक. कर्लीचं तसं नाही. समुद्राला मिळण्याआधी ती दक्षिणेकडे वळते आणि बराच वेळ किनाऱ्याच्या कडेकडेने चालते. मधे देवबागची चिंचोळी पट्टी. पलीकडे लाटा आपटत असतात, अलीकडे पाणी आरशासारखं. त्या आरशाला भुलून आम्ही पौर्णिमेच्या दिवशी साडेअकराला, काठोकाठ पाण्यात निघालो. वल्हं नुसतं टेकवावं आणि कयाक पळावी. "दंड बरे आहेत की तुझे अजून," बायको म्हणाली. मलाही ते पटलं. ओहोटी लागली होती, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

२. शाळेत पाठ केलेलं अंगावर आल्याशिवाय समजत नाही. 'खारे वारे व मतलई वारे' या टिपेवर मी पूर्ण गुण मिळवलेले आहेत. संगमाच्या अलीकडेच (लाटा दिसल्यावर तेवढी अक्कल आली) तोंड फिरवलं आणि दीडच्या सुमाराला खारा वारा थेट नाकावर आला. खालून ओहोटी, समोरून वारा. काठावर निळं जाळं वाळत घातलेला एक माड होता. तासभर वल्हवलं. उजवीकडे तोच माड.

३. दोघांच्या कयाकमध्ये मागे बसणाऱ्याने पुढच्याच्या लयीत वल्हवायचं असतं. हे मी मान्य केलं, पण भांडून झाल्यावर.

४. कांदळवन बाहेरून जितकं शांत दिसतं तितकं ते पाहुण्यांसाठी नसतं. वारा चुकवावा म्हणून मी तिवरांमधल्या एका अरुंद वाटेत शिरलो. सावली होती, खंड्या दिसला, मी स्वतःवर खूश. पंधरा मिनिटांत बूड घासायला लागलं आणि मग कयाक बसलीच. ढकलावी म्हणून उतरलो, तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. वर आला तो चपलेशिवाय. तिवराची श्वासमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात; तेव्हा अनवाणी दुसरं पाऊल टाकायचा विचार सोडला. पाणी मात्र डोळ्यांदेखत सरकत होतं, घाई न करता. मी पाठीवरच्या पिशवीतून तक्ता काढला नाही, एवढी अब्रू राखली.

५. हवं ते ज्ञान बरेचदा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेलं असतं. संध्याकाळच्या आत एक म्हातारे होडीवाले मुख्य पात्रातून जाताना दिसले. हाका मारल्या. त्यांनी दोर फेकला, आम्हाला ओढून काढलं आणि मग विचारलं, "तिथ बघूक नाय? आज पुनव मां? मगे पाणी खंय रवतला!" हिशोब त्यांनी वल्ह्यावर बोट टेकवूनच सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी. पुढचा पक्ष लागला की पुन्हा एकपासून. मिनिटांचा मेळ बसेलच असं नाही, पण दिवस आखायला पुरतं. आमच्या घरी दिनदर्शिका आहे. तिच्यावर मी आजवर फक्त दुधाचे खाडे लिहीत आलो.

६. दुसऱ्यांदा आखलेला दिवस तक्त्यात नीट बसत नाही. पाऊणपटीच्या हिशोबाने चतुर्थी सोयीची निघाली. भरती दुपारी तीनला, म्हणजे सकाळी नवाच्या सुमाराला पाणी तळाला. सातला, मतलई वारा पडायच्या आत, ओसरत्या पाण्याबरोबर खाली जायचं, नवाला वळायचं, चढत्या पाण्याने परत. पौर्णिमेचा जोर ओसरल्यामुळे ओढही कमी. अगदी तसंच झालं. त्या माडाशेजारून आम्ही इतक्या आरामात गेलो की मी त्याला ओळख दाखवली. पाठीवर ऊन यायच्या आधी, अकराला काठाला लागलो.

फक्त ती चतुर्थी संकष्टी होती, आणि बायकोचा उपास. मी सुरमई खाल्ली, तिने साबुदाण्याची खिचडी. रात्री खळ्यात बसून ती चंद्राची वाट बघत होती. "पाणी ओढायला बरा वेळेवर येतो," ती म्हणाली. मी घड्याळ बघितलं. साडेनऊ होत आले होते, आणि माडांच्या मागे अजून नुसता उजेड.