समुद्र आपल्या दारापासून सुरू होतो

अलोरे गावातून समुद्र दिसत नाही. त्यामुळे समुद्राची काळजी मच्छीमार बांधवांनी करावी, असे आपल्याला वाटते. पण पाण्याची वाट पाहू या. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून कोळकेवाडी धरणातून पुढे वाशिष्ठी नदीला मिळते. आपल्याकडचे ओढे-वहाळही तिलाच मिळतात. मग चिपळूण, दाभोळची खाडी आणि शेवटी अरबी समुद्र. आपण वहाळात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवीही याच वाटेने जाते.

खाडी म्हणजे माशांचा पाळणा. तिवरांच्या मुळांशी मासे व कोळंबीची पिल्ले वाढतात. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीत मासे मरतात, अशी तक्रार तेथील मच्छीमार अनेक वर्षे करीत आले आहेत. पण केवळ कारखान्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. खाडीच्या दक्षिणेला गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळते आणि जिवाला मुकते.

आणखी दक्षिणेला मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते व त्यांना अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढरे पडतात आणि उपासमारीने मरू शकतात. गढूळ पाणी, सांडपाणी, होड्यांचे नांगर आणि पर्यटकांचे पाय यांनीही त्यांची हानी होते. समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही. तरी सागरी जीवांच्या सुमारे चौथ्या हिश्श्याला त्यांचा आधार आहे. म्हणूनच दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रवाळांच्या ऱ्हासाकडे आपले लक्ष वेधले होते.

परमेश्वराने सृष्टी आपल्या हाती सोपवली ती सांभाळण्यासाठी. मग आपण एवढे तरी करू या: बाजारात कापडी पिशवी नेऊ या, घरचा कचरा वहाळात टाकू नये, सणाच्या जेवणात थर्माकोलच्या ताटांऐवजी पत्रावळी वापरू या, आणि मालवणला सहलीला गेलो तर प्रवाळांना हात लावू नये, त्यांवर उभे राहू नये. आपल्या ताटात येणारा मासा ज्या पाण्यात वाढतो, ते पाणी आपल्या दारावरून गेलेले असते.

कुटुंबात विचार करण्यासाठी:
१. आपल्या घरचे सांडपाणी व कचरा नेमका कोठे जातो?
२. येत्या पावसाळ्यापूर्वी जवळचा वहाळ स्वच्छ करण्यासाठी आपण कोणता दिवस देऊ?