काचेच्या घरातील सोनमासा

चीन देशात सुमारे १००० वर्षांपूर्वी तळ्यांत पाळला जाणारा सोनमासा आज घरोघरी काचेच्या टाकीत दिसतो. पाणी नितळ असते, तरी मासा मलूल होतो. असे का व्हावे? त्याच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया हे अदृश्य विष पाण्यात मिसळते. तळ्याच्या विपुल पाण्यात ते विरते, टाकीत साचते. वाळूत व गाळणीत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे सौम्य क्षारांत रूपांतर करतात. म्हणून सारी टाकी एकाच वेळी धुऊन काढू नये. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी, त्यातील क्लोरीन उडून जावा म्हणून, आदल्या दिवशीच उघडे ठेवावे. अन्न दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. मुक्या जीवाला तक्रार करता येत नाही. त्याचे दुःख पाळणाऱ्यानेच ओळखावयाचे असते.