अंगाला हात लावण्याआधी

अपघातातलं हाड जुळलं, टाके निघाले, गाडीचा विमाही मिळाला. तरी घाटात मागून ट्रकचा हॉर्न वाजला की माझे हातपाय गार पडत, जबडा घट्ट मिटे आणि पोटात आलेला गोळा घरी पोचेपर्यंत जात नसे. ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं. सगळं व्यवस्थित निघालं. समुपदेशनात त्या दिवसाची हकिगत मी न अडखळता सांगू लागले, पण सांगून झाल्यावरही खांदे ताठलेलेच असत. तेव्हा मैत्रिणीने सोमॅटिक थेरपीचं नाव सुचवलं. घडलं काय याच्या जोडीला शरीरात आत्ता काय चाललंय, तिकडे लक्ष देणारी ही उपचारपद्धत. ती मला पुढे खरोखर उपयोगी पडली. पण तिच्या नावाखाली त्याआधी जे वाट्याला आलं, ते आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांच्याकडे मी प्रथम गेले, ते स्वतःला ट्रॉमा हीलर आणि सोमॅटिक थेरपिस्ट म्हणवत. औषधं कोणती चालू आहेत, झोप कशी आहे, आधीचे आजार काय, यातलं काहीही न विचारता त्यांनी मला गादीवर आडवं व्हायला लावलं आणि तोंडाने भराभर श्वास घ्यायला सांगितलं. थोड्याच वेळात ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी होऊन आवळली, डोकं गरगरायला लागलं. “अडकलेला ट्रॉमा बाहेर पडतोय, थांबू नका,” असं म्हणत त्यांनी माझ्या पोटावर आणि मग बरगड्यांवर हात दाबला. आधी विचारलं नव्हतं. मी “नको” म्हणाले, तर “हे नको म्हणणं हाच तुमचा आजार आहे” असं उत्तर मिळालं. मी रडले, थरथरले आणि शेवटी बधिर झाले. त्या बधिरपणालाच त्यांनी ‘रिलीज’ म्हटलं आणि पुढच्या सेशनचे पैसे आगाऊ भरायला सांगितले. त्यानंतर कितीतरी रात्री मी दिवा लावून बसून काढल्या. पूर्वी फक्त घाटात गाठणारी भीती आता स्वयंपाकघरातही यायला लागली.

त्या मुंग्या आणि ती वाकडी बोटं अपघाताच्या आठवणीतून आलेली नव्हती. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होऊ लागतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि स्नायू आवळले जातात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून गरगरतं. आयुष्यात कधी अपघात न झालेल्या माणसालाही गादीवर झोपवून हेच घडवून आणता येईल. ज्याला फिट्स येतात, हृदयाचा त्रास आहे, जी बाई गरोदर आहे किंवा ज्याला पॅनिक अटॅक येतात, त्यांच्यावर असा प्रयोग करणं धोक्याचं आहे.

मूळ पद्धत याच्या अगदी उलट चालते. अमेरिकेतले पीटर लेव्हिन यांनी ‘सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग’ ही पद्धत बसवली आणि 1997 सालच्या ‘वेकिंग द टायगर’ या पुस्तकातून ती लोकांपुढे आली. त्यांची मांडणी अशी, की संकटात शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं आणि तशी संधीच मिळाली नाही, तर ती सज्जता अंगात उरते. म्हणून उपचारात मूळ प्रसंगात उडी घ्यायची नाही. त्याच्या कडेला जरासं जायचं, शरीर काय करतंय ते पाहायचं आणि लगेच जिथे बरं वाटतं तिथे परतायचं.

पुढे ज्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई मला भेटल्या, त्यांनी हेच केलं. खुर्ची कुठे ठेवायची, दाराकडे तोंड हवं की पाठ, हे मला ठरवू दिलं. हॉर्न आठवायचा तर खूप लांबचा आठवा, म्हणाल्या. माझा जबडा आवळतोय हे माझ्या लक्षात येण्याआधी त्यांना दिसलं, आणि त्यांनी मला खिडकीबाहेरचं झाड बघायला लावलं. एकदा बोलताना माझा उजवा हात आपोआप वळायला लागला, स्टिअरिंग फिरवावं तसा. त्यांनी ती हालचाल मला अगदी सावकाश, हवी तितक्यांदा पूर्ण करू दिली. माझ्या अंगाला त्यांनी हात लावला नाही. कुठल्याही थेरपिस्टची पारख करायची तर माझ्या मते तो कुठे थांबतो ते पाहावं.

आता शोध कसा घ्यायचा ते. ‘थेरपिस्ट’, ‘हीलर’, ‘कोच’ ही बिरुदं आपल्याकडे कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला मात्र 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. तो नंबर बेधडक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर पडताळून पाहा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे सापडते. मानसशास्त्रात एम.ए. केलेले अनेक समुपदेशक या नोंदवह्यांत नसतात आणि तरीही उत्तम काम करतात. त्यांना विचारायचं, की तुमच्या कामावर देखरेख कुणाची आहे, अडलेल्या केसबद्दल तुम्ही कुणाशी बोलता. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंगचं पूर्ण प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचं असतं. ते फिजिओथेरपिस्ट, मसाज करणारे अशा इतरांनाही घेता येतं. त्यामुळे ते प्रमाणपत्र तंत्र शिकल्याची साक्ष देतं. नैराश्य किंवा सायकोसिस ओळखता येण्याची नाही. म्हणून मूळ शिक्षण आणि हे प्रशिक्षण, दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. दोन दिवसांच्या शिबिरात मिळालेल्या कागदावर आपलं शरीर सोपवू नका.

पहिल्या फोनवरच स्पर्शाबद्दल बोला. “तुम्ही सेशनमध्ये स्पर्श करता का? कुठे, कशासाठी, दर वेळी विचारून का? मी नाही म्हटलं तर काय कराल?” या पद्धतीचं बरंचसं काम स्पर्शाशिवाय होतं, आणि एकदा दिलेली संमती कधीही मागे घेता येते. कपडे उतरवायला सांगणं, खासगी अवयवांना स्पर्श, घरच्यांना काही सांगू नका अशी ताकीद, यांपैकी काहीही ऐकू आलं तर फोन ठेवून द्या. आपल्याकडे डॉक्टरांना, गुरूंना उलट विचारायचं नाही, असं वळण लहानपणापासून लागलेलं असतं. इथे ते वळण मोडा. पहिल्या भेटीला सोबत कुणाला तरी न्या आणि बाहेर बसवा.

मराठीतून असं काम करणारे थोडे आहेत. रत्नागिरीत किंवा नांदेडला बसून पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी ऑनलाइन काम करता येतं. छातीत धडधडतंय की धस्स होतंय, हा फरक आपल्या भाषेत पटकन सांगता येतो, म्हणून मराठी समजणाऱ्या माणसासाठी थोडं थांबायला हरकत नाही. काही जण अशा वेळी इगतपुरीला विपश्यनेला जाऊन ये म्हणतात. संवेदनांकडे पाहणं तिथेही असतं, पण ती साधना आहे, उपचार नव्हे. प्रवेशअर्जातच मानसिक आजाराची माहिती मागतात, ती लपवू नका.

खात्रीची भाषा करणाऱ्यापासूनही दूर राहा. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या गावांमध्ये 150 जणांवर ही सोमॅटिक पद्धत वापरून पाहिली गेली, निष्कर्ष आशादायक होते, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. 2017 साली इस्रायलमधला तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 63 जण होते. याउलट ईएमडीआर आणि ट्रॉमावर केंद्रित सीबीटी या दुसऱ्या उपचारपद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच केली आहे. आधी त्यांची चौकशी करा. चालू औषधं तर कुणाही थेरपिस्टच्या शब्दावर बंद करू नका.

आणि तुमच्या बाबतीत असं काही घडून गेलं असेल, तर पुढचं सेशन रद्द करायला कारण द्यावं लागत नाही. नको असलेला लैंगिक स्पर्श हा गुन्हा आहे, त्याची तक्रार पोलिसांकडे करता येते. व्यक्ती नोंदणीकृत असेल तर तिच्या परिषदेकडेही. रात्री-अपरात्री जीव घाबरला, नको ते विचार आले, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.