दहावीनंतर कला विषय : कापडाच्या बाजारातून मांडलेला हिशेब

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून आणि दुकानांच्या गाद्यांवरून एकच चर्चा सुरू होते. ज्याला भरपूर टक्के मिळाले त्याने सायन्सला जावे, मध्यम टक्केवाल्याने कॉमर्स घ्यावे आणि ज्याला कुठेच जागा मिळत नाही त्याने आर्ट्स धरावे, अशी वाटणी जणू अगोदरच ठरलेली असते. या वाटणीत चित्रकला, संकल्पचित्र, शिल्प असे विषय कोणी विचारातच घेत नाही. मुलाचा हात चांगला असला तर पाहुण्यांना त्याची वही दाखवायची आणि पाहुणे गेले की ती कपाटात टाकायची, एवढीच त्या हुनराची किंमत.

व्यापाराच्या पानावर शाळा-कॉलेजचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण मी कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवले आहे आणि या विषयाचा संबंध थेट आपल्या गल्ल्याशी येतो, असे माझे मत आहे. ते मत मला फुकट मिळालेले नाही.

घरातला अनुभव

माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली होती. दहावीनंतर त्याने हट्ट धरला, "चाचा, मला ड्रॉइंगचेच काही शिकायचे आहे." भाऊ गोंधळले. मला म्हणाले, "तू बाजारात फिरतोस, चार लोकांत बसतोस, तूच सांग." मी एका वाक्यात निकाल दिला, "चित्रे काढून पोट भरत नाही." मुलाला सायन्सला घातले. बारावीत तो दोन वेळा नापास झाला. आज तो माझ्याच दुकानात गिऱ्हाइकांपुढे थान उलगडतो आणि मी दर मोसमाला नव्या नक्षीसाठी सुरतेच्या डिझाइनरला पैसे पाठवतो. जो हुनर घरात होता तो मी बाहेरून विकत घेतो. हा तोटा कोणत्याही वहीत लिहिलेला नाही, पण तो मला रोज दिसतो.

नक्षीचे मोल

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारखानदारांना हे समजावून सांगावे लागणार नाही. साधे ग्रे कापड जो तो विणतो, म्हणून त्यात पैशापैशाची ओढाताण असते. समजा, साध्या मालात मीटरमागे ५० पैसे सुटतात आणि त्याच सुतात, त्याच लूमवर, बाजाराला आवडेल अशी नक्षी घातली तर मीटरमागे ३ रुपये सुटतात. १० हजार मीटरवर पहिल्या मालाचे ५ हजार होतात, दुसऱ्याचे ३० हजार. मधल्या २५ हजारांपैकी काही भाग जादा मजुरीत आणि जेकार्डच्या खर्चात जाईल. पण उरलेली रक्कम डिझाइनची कमाई आहे.

हे जाणूनच सरकारने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू केली आणि तेथे शिकलेल्या चित्रकारांना विणकरांसोबत कामाला बसवले. प्रसिद्ध चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. ते १९६१ पासून वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात आणि पुढे मुंबईच्या केंद्रात काम करीत होते. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या कलावंताने १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात डिझाइनचे काम पाहिले. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली, लाकडी खेळण्यांची डिझाइने केली. चित्रकार आणि बाजार यांचे नाते असे जुने आहे.

चित्रातही हिशेब असतो

"गणित जमत नाही म्हणून ड्रॉइंग घेतो" असे म्हणणाऱ्या मुलाला मी दोन उदाहरणे सांगतो.

पहिले जेकार्डचे. समजा, जेकार्डला ४८० हुक आहेत आणि कापडात इंचाला ताण्याचे ८० धागे आहेत. ४८० ला ८० ने भागले की ६ आले. म्हणजे नक्षीची रुंदी ६ इंच, त्यानंतर तीच नक्षी पुन्हा सुरू होणार. याला आपण रिपीट म्हणतो. बाण्याचे धागे इंचाला ६० असतील आणि नक्षीची उंचीही ६ इंच ठेवायची असेल तर ३६० बाणे लागतील. प्रत्येक बाण्याला एक या हिशेबाने ३६० पंचकार्डे झाली. इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये कार्डांच्या जागी फाइल आली, हिशेब तोच राहिला.

आता याच कापडावर १ इंचाचा गोल बुट्टा काढायचा आहे. ग्राफवर तो ८० घरे रुंद आणि ६० घरे उंच काढावा लागेल. ज्याला हे ठाऊक नाही तो चौरस घरांच्या ग्राफवर ८० घरे रुंद आणि ८० घरे उंच असा सुंदर गोल काढून देतो. कापडावर मात्र तो उभट, अंड्यासारखा उतरतो आणि बीम संपेपर्यंत सारा माल तसाच निघतो.

दुसरे उदाहरण छपाईचे. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर असतो. नक्षीची उंची त्यात पुरी बसली पाहिजे, म्हणजे ६४, ३२ किंवा १६ सेंटिमीटर अशी. कोणी २५ सेंटिमीटरचे चित्र आणून दिले तर ते कितीही देखणे असो, छपाईवाला ते परत करतो. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो. ८ रंगांचे काम जो ५ रंगांत तेवढेच खुलवून दाखवतो, त्याला कारखानदार सोडत नाही.

म्हणून पालकांनी कला विषय हा सोपा रस्ता समजून मुलाला तिकडे ढकलू नये. ज्याचा हात चालतो आणि जो हिशेबाला कंटाळत नाही, त्याच्यासाठी हा रस्ता आहे.

शाळेपासूनची वाट

महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे शालेय विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या श्रेणी परीक्षा होतात. त्यांत वस्तू समोर ठेवून चित्र काढणे, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुणांची सवलतही आहे. त्यासाठी शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव जावा लागतो. ज्या शाळांत चित्रकलेचा शिक्षक नाही, तेथील मुले या परीक्षांना बसतच नाहीत. आपल्या अनेक उर्दू शाळांतून हे चित्र दिसते. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी निदान एवढी सोय केली तर खर्च थोडा आणि फायदा मोठा आहे.

अकरावी-बारावीला राज्य मंडळाच्या विषयांत चित्रकला आणि त्याच्या जोडीचे काही विषय आहेत, परंतु ते सर्व कॉलेजांत शिकवले जात नाहीत. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजात स्वतः जाऊन, हा विषय आहे का आणि शिकवायला माणूस आहे का, हे विचारून घ्यावे. सीबीएसईच्या शाळांत चित्रकला, शिल्प, उपयोजित कला असे पर्याय असून तेथे लेखी परीक्षा ३० गुणांची आणि प्रात्यक्षिक ७० गुणांचे असते.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. पुढे कलेची पदवी घेण्यासाठी बारावी आर्ट्सच पाहिजे असे नाही. बीएफए किंवा डिझाइनच्या पदवीला कोणत्याही शाखेची बारावी चालते. मग अकरावीत कला विषय घेण्याचा उपयोग काय? उपयोग हा की दोन वर्षे रोज हात चालतो, शिक्षक चुका काढतो आणि प्रवेश परीक्षेच्या वेळी दाखवण्याजोगे काम तयार होते. मात्र ज्याला आर्किटेक्ट व्हायचे आहे त्याने गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये. निफ्टच्या फॅशन टेक्नॉलॉजीच्या पदवीलाही गणित लागते. अकरावीत सोडलेले गणित बारावीनंतर हाती लागत नाही, हे लक्षात ठेवावे.

बारावीनंतर कोठे

पहिला रस्ता बीएफएचा, चार वर्षांचा. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १ लाख रुपयांची देणगी दिली होती. २०२३ साली जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही सरकारी कला महाविद्यालये आहेत. राज्यातील कला महाविद्यालयांच्या बीएफए प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र येते, म्हणजे इंटरमिजिएटचा पाया येथे कामास येतो.

दुसरा रस्ता डिझाइन संस्थांचा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, १९६१ ची. निफ्ट ही केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाखालची संस्था १९८६ साली सुरू झाली आणि तिचे एक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तेथे टेक्स्टाइल डिझाइन, निटवेअर, लेदर, फॅशन असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. आयआयटी मुंबईतही २०१५ पासून डिझाइनची पदवी सुरू झाली. या परीक्षांत चित्राबरोबर सामान्य ज्ञान, भाषा आणि तर्क यांचीही कसोटी असते. निफ्टची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. माझ्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांची खरी अडचण येथेच होते. हात तयार असतो, पण प्रश्नच कळत नाही. म्हणून अकरावीपासून चित्राबरोबर इंग्रजी वाचनाची सवय लावणे अत्यंत आवश्यक आहे.

या संस्थांचा चार वर्षांचा खर्च लाखांच्या घरात जातो. सरकारी कला महाविद्यालयात तो पुष्कळच कमी असतो. ज्यांची ऐपत नाही त्यांनी प्रवेशाच्या वर्षी शिष्यवृत्तीची माहिती आधी काढावी. मुदत संपल्यावर दाखल्यांसाठी धावपळ करून हाती काही लागत नाही.

तिसरा रस्ता चित्रकला शिक्षकाचा, म्हणजे एटीडी पदविकेचा. ज्याला शिकवण्याची आवड आहे त्याच्यासाठी तो योग्य आहे.

संगणक आणि नकल

एके काळी ग्राफवर हाताने नक्षी भरणारे उस्ताद होते. संगणक आला तेव्हा ज्यांनी तो शिकून घेतला त्यांचे काम वाढले आणि जे ग्राफच धरून बसले त्यांचे काम गेले. आता एआय आले आहे. एक ओळ लिहिली की फुलापानांची शंभर चित्रे समोर येतात. त्यांतले कोणते आपल्या लूमवर बसेल, कोणता रंग नागपूरच्या गिऱ्हाइकाला चालेल आणि कोणता कोल्हापूरला, हे मात्र कापड हाताळलेल्या माणसालाच कळते. मुलांनी फोटोशॉप, इलस्ट्रेटर जरूर शिकावे, पण त्याआधी पेन्सिल आणि रंग पक्के करावेत.

आणखी एक गोष्ट डिझाइनरने आणि व्यापाऱ्याने, दोघांनीही जाणून घ्यावी. कापडावर छापण्या-विणण्यासाठी केलेली नक्षी डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवता येते. तिचे संरक्षण १० वर्षांचे असते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. अर्ज माल बाजारात येण्यापूर्वी करावा लागतो. नोंदणी केली नाही आणि त्या नक्षीचे ५० हून अधिक नग कारखान्यात निघाले, तर कॉपीराइटचा हक्कही राहत नाही. माझी एक चाललेली नक्षी पंधरा दिवसांत दुसऱ्या दुकानात स्वस्त भावात लागली तेव्हा मला हा कायदा माहीत नव्हता. आजही बाजारात अनेकांना तो माहीत नाही.

पालकांना एक विनंती

मुलाचा किंवा मुलीचा हात चांगला आहे असे वाटत असेल तर भावनेने नव्हे, व्यापारी जसा माल पारखतो तसे पारखावे. इंटरमिजिएटला बसवावे. सहा महिने रोज एक चित्र काढायला सांगावे. जो सहा महिने न सांगता काढतो त्याला नाद नव्हे, लगन आहे. मग त्याचे काम एखाद्या कला महाविद्यालयाच्या शिक्षकाला आणि एखाद्या कारखान्यातल्या डिझाइनरला दाखवावे आणि दोघांचे मत ऐकून निर्णय घ्यावा. मुलीच्या बाबतीत तर जास्तच विचार करावा, कारण डिझाइनचे पुष्कळसे काम घरी बसूनही करता येते आणि पैसा तिच्या हातात येतो.

माझ्या पुतण्याने मागच्या मोसमात एका ओढणीची किनार सुधारून दिली. मी ती सुरतेच्या डिझाइनरकडे पाठवली. त्याने विचारले, हे कोणी काढले? मी सांगितले, आमच्याच घरातल्या मुलाने. तो म्हणाला, "मग मला पैसे कशाला देता?" या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरात यंदा असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर फॉर्म भरायच्या आधी एकदा कपाटातली ती वही काढून पाहावी.